भाड्याचं घर सोलापुरात राहण्याजोगं कसं करायचं

भाड्याच्या घरात पैसे घालताना एक कसोटी लावायची: घर सोडताना ही वस्तू टेम्पोत चढेल का? चढणार असेल तर मनासारखी घ्या. चढणार नसेल तर तिचा खर्च मालकाकडून घ्या, नाहीतर हात आखडता ठेवा. सोलापुरात आणखी एक गोष्ट आधी बघावी लागते. ऊन, पाणी आणि धूळ यांचा बंदोबस्त झाला नाही तर कितीही देखण्या लावलेल्या खोलीत एप्रिलच्या दुपारी कुणी बसत नाही. म्हणून खालचा क्रम आधी सोयीचा आणि मग शोभेचा आहे.

सामान आत येण्याआधी

किल्ली हातात आली आणि घर रिकामं आहे, हीच वेळ फोटो काढण्याची. प्रत्येक भिंत, फरशीच्या भेगा, तडकलेल्या काचा, नळ, फॅनचे रेग्युलेटर, बाथरूमच्या दाराची खालची कुजलेली कड आणि वीजमीटरचं रीडिंग. सगळे फोटो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. करारात ‘घर सोडताना रंग देऊन द्यावा’ अशी ओळ आहे का, तेवढं डोळ्यांत तेल घालून वाचा. ती असेल तर एखादी भिंत रंगवायला कचरण्याचं कारण नाही. शेवटी रंग द्यायचाच आहे.

परवानगी लेखी घ्या. त्यासाठी अर्ज लागत नाही, एवढा निरोप पुरतो:

‘काका, सिंकखाली ओल आहे, फोटो पाठवलाय. प्लंबर बोलावून घेतो, पावती देतो, पुढच्या भाड्यातून वळते करा. आणि हॉलच्या एका भिंतीला फिकट रंग देऊ का? सोडताना पांढरा करून देईन.’

उत्तरात नुसतं ‘हो’ आलं तरी चालेल. फोनवर ‘करा की, घर तुमचंच आहे’ म्हणणारे मालक डिपॉझिट परत देताना हे वाक्य हमखास विसरतात.

गळती, वायरिंग, अर्थिंग, तुटलेली कडी, मोडकी खिडकी ही कामं मालकाची. ती राहायला जाण्याआधी मागितली तर होतात. नंतर मागितली तर ‘बघू’ होतं.

ऊन नक्की कुठून येतं ते बघा

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याचा घराशी संबंध असा की ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन जवळपास येतच नाही. तिथे जाड पडद्यावर केलेला खर्च वाया जातो. ऊन येतं स्लॅबमधून, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडकीतून. पैसे कमी असतील तर ते याच दोन ठिकाणी घाला. दक्षिणेच्या खिडकीत खरं ऊन येतं ते डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत, आणि तेव्हा ते हवंसंच असतं.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावला की उजेड थांबतो, उष्णता थांबत नाही. काच आणि पडदा दोन्ही तापतात आणि ती धग खोलीतच सुटते. ऊन काचेच्या बाहेर अडवायला हवं. त्याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेतात वापरतात ती हिरवी शेडनेट, ७५ टक्क्यांची. ५० टक्क्यांची घेतली तर ऊन बरंच आत येतं, ९० ची घेतली तर दिवसा दिवा लावावा लागतो.

चार बाय चार फुटांच्या खिडकीला पाच बाय सहा फुटांचा तुकडा घ्या. चारही कडा दोन इंच दुमडून त्यात नायलॉनची दोरी घालून शिवून घ्या. न शिवता बांधली तर एका वळवात कड उसवते. वरची कड ग्रीलला किंवा छज्जाखालच्या हुकांना जीआय (जस्त चढवलेल्या) तारेने बांधा. नेट काचेला चिकटलेली नको, वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधून हवा खेळते. खालच्या कडेत बांबूची काठी किंवा अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप घाला आणि तोही दोन्ही टोकांना बांधा. हे खालचं बांधणं लोक टाळतात आणि मेमध्ये वळवाच्या वाऱ्यात नेट शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते. पावसाळ्यात सोडून, धुऊन, गुंडाळून ठेवा. दोन-तीन उन्हाळे टिकते.

वरचा मजला असेल आणि गच्चीवर जायला मिळत असेल तर स्लॅबला चुना देणं हा सगळ्यात फायद्याचा उद्योग आहे. मालकही सहसा नाही म्हणत नाही. प्रमाण असं: १ किलो कळीच्या (न विरलेल्या, खड्यांच्या) चुन्याला ५ लिटर पाणी. कळीचा चुना विरताना उकळतो आणि उडतो, म्हणून तो पत्र्याच्या डब्यात किंवा लोखंडी घमेल्यात भिजवा. प्लॅस्टिकची बादली वितळून वाकते. चुन्यात पाणी ओतायचं नाही. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चष्मा घाला, लहान मुलांना लांब ठेवा. २४ तास मुरू द्या, सुती कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला डिंक किंवा थोडा फेविकॉल घाला. नाहीतर चुना पायाला लागून जिन्यातून घरात येतो. गच्ची झाडून, हलकी ओली करून संध्याकाळी पातळ हात द्या, दुसऱ्या दिवशी आडवा दुसरा हात. जाड एकच हात दिला तर पापुद्रे सुटतात. पावसात बराचसा धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी फेब्रुवारीअखेर पुन्हा द्यावा लागतो. टाकीची झाकणं आधी बंद करा आणि पावसाचं पाणी हौदात सोडलेलं असेल तर हा उपाय सोडून द्या.

पत्र्याच्या घराला चुना टिकत नाही, पत्र्यावरून सुटतो. तिथे पत्र्यासाठीच मिळणारा पांढरा रंग लागतो, तोही आधी गंज घासून आणि प्रायमर देऊन. पत्र्याखाली थर्माकोल चिकटवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती करू नका. थर्माकोल पेट घेतो आणि जळताना वितळून खाली गळतो. स्वयंपाकाच्या खोलीत तर तो नकोच. त्यापेक्षा पत्र्याखाली फूटभर अंतरावर सुती कापडाचं छत ताणा, गॅसपासून लांबच्या खोलीत, आणि दोन बाजूंना हवा जायला फट ठेवा.

कूलरबद्दल एकच. इथली हवा कोरडी असल्याने कूलर चांगला चालतो, पण तो खिडकीत, तोंड आत आणि पाठ बाहेर असाच बसवायचा, आणि समोरची खिडकी किंवा दार अर्धं उघडं ठेवायचं. सगळं बंद करून लावला की तासाभरात खोली दमट होते, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला नावं ठेवतात. पत्र्याच्या बॉडीचा कूलर असेल तर अर्थिंग आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नका. बोअरचं पाणी वापरत असाल तर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, मग गवत किंवा पॅड दगडासारखं कडक होतं.

पाण्याची जागा आधी, सोफ्याची नंतर

शहराच्या बऱ्याच भागांत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळे घर लावताना पहिली वस्तू म्हणजे बॅरल. २०० लिटरचं बॅरल भरल्यावर २०० किलोंच्या वर जातं. ते माळ्यावर, छज्जावर किंवा बाल्कनीच्या कठड्यालगत ठेवायचं नाही. जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात, नळापासून पाइप पोचेल अशा जागी ठेवा. खाली विटांचा दीड-दोन फुटांचा चौथरा रचा, सिमेंट न लावता, नुसत्या आडव्या-उभ्या विटा, वर जाड फळी किंवा शहाबादीचा तुकडा. बॅरलला तळापासून तीन इंचांवर अर्ध्या इंचाचा नळ बसवून घ्या. आतून-बाहेरून रबरी वॉशर हवेत, एकीकडेच लावला तर ठिबकतं. नळ अगदी तळाशी लावला तर साठलेला गाळ भांड्यात येतो.

बॅरल दिसायला ओबडधोबड असतं. त्याच्यापुढे ग्रील किंवा चौकटीला तार ताणून पडदा सोडला की काम झालं. झाकण मात्र घट्टच हवं, आणि आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतल्या कडा घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि ती कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत.

भिंत ओळखल्याशिवाय काही चिकटवू नका

स्टिकरचे हुक, वॉलपेपर, दुहेरी टेप हे सगळं भिंतीला नाही, भिंतीवरच्या रंगाला चिकटतं. म्हणून आधी परीक्षा. तळहात भिंतीवरून फिरवा. पांढरी पूड लागली तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, आणि तिथे कुठलाही चिकट हुक टिकणार नाही. पूड नाही लागली तर वीतभर सेलोटेप दाबून चिकटवा, दहा मिनिटांनी झटक्यात ओढा. टेपबरोबर रंगाचा पापुद्रा आला तर वॉलपेपर विसरा, कारण सोडताना तो अख्खी भिंत सोलून काढेल. टेप स्वच्छ निघाली तर हलकं सामान चालेल.

जुन्या पेठांतल्या वाड्यांत आणि धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांत दगड-मातीच्या भिंती असतात. तिथे खिळा ठोकला की वाटीएवढा गिलावा खाली येतो. अशा घरात कोनाडे, खुंट्या आणि लाकडी चौकटी आधीच असतात. त्यांचाच वापर करा. कोनाड्यात एक फळी आणि एक बल्ब टाकला की विकतच्या शोकेसची गरज राहत नाही.

चिकट हुक लावायचाच असेल तर सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे बाथरूम-स्वयंपाकघरातली चकचकीत टाइल. टाइल स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या, हुक अर्धा मिनिट दाबून धरा आणि २४ तास काहीही अडकवू नका. पाकिटावर जेवढं वजन लिहिलंय त्याच्या निम्मंच लटकवा. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर हुक लावला तर एप्रिलमध्ये गोंद मऊ पडतो आणि रात्री धाडकन फ्रेम खाली येते.

ओल आणि लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) असलेल्या भिंतीवर काहीच लावू नका, पीव्हीसी शीट तर अजिबात नाही. शीटमागे ओल कोंडते, बुरशी धरते आणि सहा महिन्यांत कुबट वास येतो. ओलीचं कारण बहुतेक वेळा भिंतीच्या पलीकडे असतं: बाथरूमची लाइन, गच्चीवरचा पाइप, नाहीतर बाहेरच्या मोरीचं पाणी. ते मालकाने दुरुस्त केल्यावर भिंत महिनाभर सुकू द्यायची, लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा (ओल्या फडक्याने पुसला तर क्षार पुन्हा भिंतीत जिरतात), आणि मगच रंगाचा विचार. तोवर त्या भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ठेवा.

भोक पाडायची परवानगी मिळाली तर ६ मिलिमीटरचा बिट, गिट्टी (भोकात बसणारा प्लग) आणि स्क्रू. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली ड्रिल लावू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो. आणि भोकं कमीत कमी पाडा: एक पडद्याच्या रॉडसाठी, एक फ्रेमसाठी असं चार ठिकाणी विखुरण्यापेक्षा भिंतीच्या वरच्या बाजूला एक लाकडी पट्टी दोन-तीन स्क्रूंवर बसवा आणि बाकी सगळं त्या पट्टीला अडकवा.

एक भिंत रंगवायची तर

दहा बाय दहाची भिंत म्हणजे १०० चौरस फूट. साधं इमल्शन दोन हातांना लिटरमागे ६० ते ८० चौरस फूट जातं, म्हणजे सव्वा ते पावणेदोन लिटर लागतं. एकेक लिटरचे दोन डबे घ्या, उरलेला रंग सोडताना डाग झाकायला लागतोच. त्याबरोबर १ लिटर प्रायमर, १ किलो वॉल पुट्टी, १२० नंबरचा पॉलिशपेपर, चार इंची ब्रश, मास्किंग टेप.

भिंत चुन्याची असेल तर आधी ओली करून पत्रीने खरवडा. चुन्यावर सरळ इमल्शन मारलं की पहिल्या पावसाळ्यात पापडासारखं सुटतं. खड्डे पुट्टीने भरा, एका वेळी दीड मिलिमीटरहून जाड थर देऊ नका, खोल खड्डा असेल तर दोनदा भरा. वाळल्यावर घासा, धूळ पुसा, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, मध्ये किमान चार तास. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. स्वस्तात भागावं म्हणून जास्त पाणी घातलं की तिसरा हात द्यावा लागतो आणि हिशेब तिथेच येतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी रंग देऊ नका. तापलेल्या भिंतीवर ब्रश फिरवताच रंग ओढतो, जोड दिसतात. सकाळी नऊच्या आत उरका.

पायथ्याला तीन फूट ऑइलपेंटचा पट्टा मारण्याची जुनी रीत आहे. धूळ आणि मुलांचे हात पुसायला ती सोयीची, पण मालकाला न विचारता नको. ऑइलपेंटवर पुढे साधा रंग धरत नाही, सगळं घासावं लागतं, आणि तो खर्च डिपॉझिटमधून जातो.

पडदे: चादर इथलीच आहे

सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे सगळ्यांना माहीत असतं; त्या चादरीचा झकास पडदा होतो हे कमी जणांच्या लक्षात येतं. जकार्डवर विणलेली असल्याने नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंग उलटे. म्हणजे पडदा बाहेरूनही चांगला दिसतो. जाड असल्याने उजेड अडवतो आणि पश्चिमेच्या खोलीत दुपारची झोप होते.

सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंचांची येते. सात फुटांचं दार म्हणजे ८४ इंच. एक चादर उभी बरोबर बसते. पण आधी धुवा. सुती चादर पहिल्या धुण्यात आटते, आणि न धुता मापाने शिवलेला पडदा नंतर जमिनीपासून वर लोंबतो. पहिल्यांदा एकटीच भिजत घाला, गडद लाल आणि निळ्याचा रंग सुटतो. कापू नका, शिवू नका: चिमटे असलेल्या रिंगा मिळतात, एका चादरीला आठ ते दहा लागतात. वरची कड दोन इंच मागे दुमडून चिमटे लावा. उद्या घर बदललं की तीच चादर अंथरायला. खिडकीला चुण्या हव्या असतील तर कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट धरा. सहा फुटांच्या खिडकीला दोन चादरी कमी पडतात, तीन घ्या.

माल बघायला मधला मारुती, चाटी गल्ली आणि नवी पेठ हा परिसर आहेच. पूर्वभागातल्या कारखान्यांकडे सेकंडचा माल मिळाला तर पडद्यासाठी तोच घ्या. विणीतली एखादी चूक पडद्याच्या चुणीत दिसत नाही. फक्त चादर उजेडाकडे धरून बघा. धागा सुटून फट पडलेली असेल तर ती धुण्यात वाढते, तेवढी सोडा.

भोक न पाडता रॉड म्हणजे स्प्रिंगचा रॉड. तो खिडकीच्या दोन बाजूंच्या भिंतींमध्ये ताणून बसतो, चार फुटांपर्यंतच्या खिडकीला आणि हलक्या पडद्याला ठीक. चादरीच्या वजनाला तो घसरतो. चादरीसाठी लाकडी चौकटीला दोन्ही टोकांना स्क्रूचे आकडे फिरवून बसवा आणि त्यात अर्ध्या इंचाचा पाइप अडकवा. सोडताना आकड्याचं भोक लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, बुजतं.

धुळीसाठी आणि डासांसाठी वेल्क्रोची जाळी चांगली, पण माप चौकटीच्या बाहेरच्या कडेपासून घ्या आणि प्रत्येक बाजूला एक इंच जास्त. लोखंडी खिडकीवर चिकटवण्याआधी साबणाच्या पाण्याने चिकट काजळी काढा. थिनर लावाल तर ऑइलपेंटच निघेल.

अँगलचा रॅक: एक वस्तू, सहा घरं

भाड्याच्या घरात भिंतीतली कपाटं कमी असतात आणि भिंतीवर मांडणी ठोकायला मालक नाखूश. त्याला उत्तर स्लॉटेड अँगलचा, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांचा रॅक. हार्डवेअरवाल्याला सांगायची यादी: सहा फुटांचे चार अँगल, तीन बाय एक फुटाच्या पाच फळ्या, ४० नट-बोल्ट (प्रत्येक फळीच्या प्रत्येक कोपऱ्याला दोन), आठ त्रिकोणी कोपरपट्ट्या, चार रबरी बूट. बोल्ट पाच-सहा जास्तच घ्या, ओट्याखाली घरंगळतात.

१. दोन अँगल जमिनीवर आडवे ठेवा, भोकांची सुरुवात एकाच टोकाकडून आहे ना ते बघा. उलटं टोक आलं तर फळ्या तिरक्या बसतात आणि हे शेवटीच कळतं.

२. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर धरा, झाडू आत जायला. सगळ्यात वरची टोकाला. या दोन आधी लावा.

३. बोल्ट हातानेच फिरवा, पाना लावू नका. पाचही फळ्या बसेपर्यंत सगळं सैल हवं. पहिली फळी करकचून आवळली की चौकट तिरकी होते आणि पुढची भोकं जुळत नाहीत; मग लोक हातोडी घेतात.

४. कोपरपट्ट्या वरच्या आणि खालच्या फळीला लावा. त्या ‘जास्तीच्या’ वाटतात म्हणून दुकानातच सोडून येतात. रॅक डुलतो तो याच कारणाने.

५. रॅक उभा करून बूट घाला, चारही पाय टेकताहेत ना बघा, मग खालून वर एकेक बोल्ट पान्याने आवळा.

धान्याचे डबे, तेलाचा कॅन खाली, हलकं वर. लहान मुलं असतील तर वरची फळी खिडकीच्या ग्रीलला तारेने बांधा. समोरून सुती पडदा सोडला तर स्वयंपाकघर नीटनेटकं दिसतं, पण गॅसच्या बाजूला पडदा नको. सोडताना रॅक पूर्ण सुटा करून अँगल एकत्र बांधा, बोल्ट पिशवीत घालून त्या बांधणीलाच अडकवा.

फरशी, ओटा, मोरी

शहाबाद सोलापूरपासून फार लांब नाही, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा सर्रास. दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अ‍ॅसिड लागलं की दगड खरोखर विरघळतो. फेस येतो तो मळाचा नाही, दगडाचा. पांढुरके, खरखरीत डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. साधी साबण-पावडर, कोमट पाणी, काथ्याचा ब्रश आणि लगेच स्वच्छ पाणी, एवढंच. तेलाचा डाग पडला तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप रात्रभर ठेवून सकाळी झाडा.

नळावर आणि चकचकीत टाइलवर मात्र क्षारांच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगरच लागतं. फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळा, खाली भांडं ठेवा म्हणजे थेंब कडप्प्यावर पडत नाहीत. बाथरूम धुताना अ‍ॅसिडवालं क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

ओटा आणि भिंत यांच्या फटीत झुरळं राहतात. फट सुरीने खरवडून कोरडी करा, पांढऱ्या सिमेंटची कणकेएवढी घट्ट लगदी भरा, ओल्या बोटाने सारखी करा, दिवसभर पाणी लागू देऊ नका. किलोभरात सगळा ओटा होतो.

पीव्हीसी मॅटने कुरूप फरशी झाकता येते. ती चिकटवू नका, नुसती अंथरा, कडा भिंतीपासून अर्धा इंच आत कापा. उन्हाळ्यात मॅट फुगते आणि भिंतीला टेकलेली असेल तर मधोमध उचलते. तळमजल्यावर दोन महिन्यांतून एकदा उचलून खालची ओल सुकवा.

दिवे आणि वीज

एक ट्यूब डोळ्यांत खुपत असेल तर ती काढून न टाकता, त्याच खोलीत खाली, कोपऱ्यात, पिवळसर उजेडाचा ९ वॅटचा एलईडी लावा. पाकिटावर ३००० के किंवा वॉर्म व्हाइट बघा. मालकाचे जुने दिवे, होल्डर, पंख्याचे रेग्युलेटर काढलेत तर पिशवीत घालून नाव लिहून माळ्यावर ठेवा.

इस्त्री, हीटरचा रॉड, गिझर हे एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका. गिझरला आणि मोठ्या वॅटच्या रॉडला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. घरात एकच असेल तर दुसरा मालकाकडून मागा. प्लग काढल्यावर त्याच्या पिना गरम लागत असतील तर सॉकेट सैल आहे, तो बदलल्याशिवाय वापरू नका.

घर सोडताना

आठवडाभर आधी सुरुवात करा. चिकट हुक आणि वॉलपेपर केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून, भिंतीला समांतर, हळू ओढा. सरळ बाहेर ओढलं तर रंग घेऊन येतो. गोंदाचे डाग खोबरेल तेलाने निघतात, नंतर साबणाच्या पाण्याने पुसा, नाहीतर त्यावर रंग धरत नाही. भोकातली गिट्टी पकडीने काढा किंवा आत ढकला, पुट्टी भरा, वाळली की बसते म्हणून दुसऱ्यांदा भरा, घासा. उरलेल्या रंगाने नुसता ठिपका झाकू नका. जुना रंग फिका पडलेला असतो, ठिपका उठून दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला एक हात द्या. घर रिकामं झाल्यावर पहिल्या दिवशी काढले होते त्याच कोनांतून पुन्हा फोटो, मीटरचं रीडिंग, आणि शेवटचं बिल भरल्याची पावती मालकाला त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर. किल्ली त्यानंतर, डिपॉझिटचा हिशेब समोर बसून झाल्यावर.